इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा : खऱ्या कोणत्या, रचलेल्या कोणत्या?

शिरीषफूल :

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. वाक्प्रचार आला की अर्थ पाठ करतात, पण त्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, पण असं का म्हणतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहिलं नाही, तर परक्या भाषेतले शब्द परीक्षेपलीकडे टिकत नाहीत.

परवा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आलं. त्यात म्हटलंय की जुन्या काळी इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असत, कुत्री-मांजरं उबेसाठी त्यात शिरत आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत, म्हणून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. माणसं चुकून जिवंत पुरली जात, म्हणून प्रेताच्या मनगटाला दोरी बांधून वर घंटा लावत. ती वाजली की माणूस वाचला, म्हणून 'सेव्ह्ड बाय द बेल'. एखाद्यासारख्या हुबेहूब दिसणाऱ्याला 'डेड रिंगर' म्हणतात तेही म्हणे त्याच घंटेवरून.

एक सहकारी म्हणाल्या, सांगून टाक, मुलांच्या लक्षात राहतं. माझं मन घेत नाही. म्हणून दोन गोष्टी विचारते. या कथा खऱ्या आहेत का? आणि नसतील, तर ज्यांचा उगम पक्का ठाऊक आहे आणि मुलांपुढे उभा करता येईल असे वाक्प्रचार कोणते?

अर्धाचहा :

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

चौकसबुद्धी :

ताई, हे फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्याही आधीचं आहे. १९९९ मध्ये 'पंधराशेच्या काळातलं जीवन' अशा आशयाची एक ईमेल जगभर फिरली होती, तिचीच ही पिलावळ. तुम्ही दिलेल्या तिन्ही कथा रचलेल्या आहेत.

शाकारलेलं छप्पर दाट आणि उतरतं असतं, पाणी वरच्या वर ओघळून जावं म्हणूनच ते तसं करतात. मांजर उबेला आत शिरलंच, तर पाऊस आल्यावर ते बाहेरच्या अंगाला कशाला येईल? आणि कुत्रं छपरावर चढणार कसं? लेखी पुरावा बघायचा तर सतराव्या शतकाच्या मध्याला एका इंग्रजी नाटकात कुत्री आणि पोलकॅट बरसतील असं वाक्य आहे. पोलकॅट हा घाण वास सोडणारा एक रानटी प्राणी. आजच्या शब्दांत हा वाक्प्रचार जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या संवादांत मिळतो. नेमका कशावरून आला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

'सेव्ह्ड बाय द बेल' बॉक्सिंगमधून आला. मार खाऊन आडवा झालेल्यावर पंच आकडे मोजत असतो, तेवढ्यात फेरी संपल्याची घंटा होते आणि गडी वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही भाषा. शवपेटीला घंटा बसवण्याची पेटंटं त्या शतकात खरोखर घेतली गेली होती, म्हणून ती कथा लोकांना पटते. 'रिंगर' घोड्यांच्या शर्यतीतला. एका घोड्याच्या नावावर गुपचूप दुसराच घोडा पळवायचा, तो रिंगर. इथे 'डेड' म्हणजे तंतोतंत.

खडूफळा :

मीही शिक्षक आहे आणि माझं मत वेगळं आहे. वर्गात साठ-सत्तर पोरं, तास पाऊण तासाचा, त्यात कविता, व्याकरण, पत्रलेखन. वाक्प्रचाराला दोन मिनिटं मिळतात. छपरावरून घसरणारी मांजरं सांगितली की पोरं हसतात आणि शब्द जन्मभर विसरत नाहीत. काऊ-चिऊची गोष्ट खरी नसते म्हणून आपण ती सांगायची थांबलो का? उगम शोधणं हे भाषाशास्त्रज्ञांचं काम. आमचं काम मुलाला इंग्रजीत चार वाक्यं धड लिहिता यावीत हे.

चौकसबुद्धी :

काऊ-चिऊची गोष्ट आपण गोष्ट म्हणून सांगतो. हे फॉरवर्ड इतिहास म्हणून सांगतं. मुलगा उद्या तीच कथा मुलाखतीत किंवा निबंधात पुराव्यासारखी मांडणार आणि त्याला ती वर्गात मिळालेली असणार. ताईंचं मन घेत नाही तेच बरोबर आहे.

भरती_ओहोटी :

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो आहे. समुद्रावरचे वाक्प्रचार वर्गाला फार सोयीचे, कारण त्यांतल्या वस्तू फळ्यावर काढून दाखवता येतात.

'टु द बिटर एंड' घ्या, म्हणजे अगदी शेवटपर्यंत. जहाजाच्या डेकवर भक्कम खुंटांची जोडी असते, त्यांना बिट्स म्हणतात. पूर्वी नांगराचा जाड दोर या खुंटांना वेढे देऊन धरत. नांगर सोडला की दोर सरसर बाहेर पडायचा, आणि त्याचा जो भाग खुंटांपाशी, जहाजाच्या आत उरायचा तो बिटर्स एंड. तिथपर्यंत दोर गेला म्हणजे आता सोडायला हातात काही नाही. कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ मध्ये खलाशांसाठी छापलेल्या पुस्तकात ही व्याख्या जशीच्या तशी आहे. दोर गेला आणि साखळी आली, पण शब्द राहिला. आजही साखळी जिथे साठवतात त्या कप्प्यात तिचं शेवटचं टोक एका पिनेनं अडकवलेलं असतं, त्याला आम्ही बिटर एंडच म्हणतो. जहाज संकटात सापडलं आणि नांगर उचलायला वेळ नसला, तर ती पीन ठोकून काढायची आणि अख्खी साखळी समुद्रात सोडून द्यायची. ती पीन कुठे आहे, मोकळी फिरते की गंजून बसली आहे, हे बघणं ड्यूटीचा भाग असतो.

'बाय अँड लार्ज'. वाऱ्याच्या जवळ तोंड करून, म्हणजे वारा जवळपास समोरून घेत जहाज हाकायचं, ते 'बाय द विंड'. वारा मागच्या अंगाने घेऊन मोकळं जायचं, ते 'लार्ज'. जे जहाज दोन्ही प्रकारे चांगलं चालतं ते 'बाय अँड लार्ज' चांगलं. त्यावरून 'एकंदरीत'.

'टेकन अबॅक'. वारा अचानक फिरला किंवा सुकाणूवाला चुकला, की शिडांना मागून मिळणारा वारा समोरून बसतो. शिडं उलटी होऊन डोलकाठीवर आदळतात आणि जहाज जागच्या जागी थबकतं. डोलकाठी मोडायचीही भीती. माणूस एकदम चक्रावून थांबतो त्याला याहून नेमका शब्द मिळणार नाही.

'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे झिंगलेला. मुलांना सांगताना एक काळजी घ्या, शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे शिडाचं खालचं टोक ताणून धरणारा दोर. एक सुटला तर शीड फडफडतं. तीन सुटले की जहाज दारुड्यासारखं झोकांड्या खाणार.

शिरीषफूल :

काका, हे मी अक्षरशः उतरवून घेतलं. साखळीच्या टोकाची पीन तर उद्याच्या तासालाच सांगते.

चौकसबुद्धी :

उत्तम प्रतिसाद. एका ठिकाणी भर घालतो. बायबलमध्ये, १६११ च्या इंग्रजी भाषांतरातल्या नीतिसूत्रांत, 'तिचा शेवट दवण्यासारखा कडू' अशा अर्थाची ओळ आहे. 'बिटर एंड'ला आज जी कडवट छटा आहे ती त्या ओळीमुळे गडद झाली, असं मानणारे पुष्कळ आहेत. खुंटाचा दोर आणि बायबलचा कडूपणा असे दोन्ही प्रवाह त्यात आले असावेत.

भरती_ओहोटी :

कडू छटा मान्य. पण साखळीच्या टोकाला आजही आम्ही बिटर एंडच म्हणतो, त्यामुळे माझं मत दोराच्या बाजूने.

ढगाळ_हवा :

इंग्लंडातून लिहितेय. भरती_ओहोटी यांनी सांगितलेले दोर, खुंट आणि शिडांची रचना डोळ्यांनी बघायची असेल, तर इथे ईशान्येला हार्टलपूलमध्ये एचएमएस ट्रिंकोमाली ही जुनी शिडाची युद्धनौका उभी आहे. ती मुंबईत बांधली. १८१७ साली, वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानाची. इंग्लंडात ओकचं लाकूड कमी पडायला लागलं होतं म्हणून काम मुंबईच्या गोदीला मिळालं. पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून तिचा मान आहे. नेल्सनची व्हिक्टरी तिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत आहे. डेकवर उभं राहून बघितलं की नुसते दोरच दोर दिसतात, आणि 'लर्निंग द रोप्स' म्हणजे नव्या खलाशाला काय काय शिकावं लागत असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईच्या सुतारांच्या हातचं लाकूड तिथे हाताला लागतं तेव्हा फार भरून येतं.

अर्धाचहा :

व्वा! हे माहीत नव्हतं. बरं, जहाजांचा विषय निघालाच आहे तर 'पॉश'ही मुंबईचंच ना? मुंबईला येताना डावीकडची, जाताना उजवीकडची खोली, म्हणजे ऊन लागत नाही. श्रीमंतांच्या तिकिटावर पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम अशी आद्याक्षरं मारत.

भरती_ओहोटी :

सावलीचं गणित बरोबर आहे. तांबड्या समुद्रातून बाहेर पडून पूर्वेकडे मुंबईला येताना डावी बाजू उत्तरेला असते, ऊन कमी. पण तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि पी अँड ओ या जहाज कंपनीच्या दप्तरातही तशी नोंद नाही.

चौकसबुद्धी :

शब्द छापील मजकुरात १९१० च्या दशकात दिसायला लागतो आणि ही तिकिटाची कथा त्याच्या बऱ्याच वर्षांनंतर. त्याआधी इंग्लंडच्या हलक्या बोलीत पॉश म्हणजे पैसा, आणि नटूनथटून फिरणारा असाही अर्थ होता. तिथूनच तो आला असण्याची शक्यता जास्त.

यावरून एक चाळणी सांगतो. विसाव्या शतकाआधीचा शब्द आद्याक्षरांपासून बनला असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नये. आद्याक्षरं जोडून शब्द करायची चाल बरीच अलीकडची आहे.

गप्पाष्टक :

मग 'ओके'चं काय? तो तर एकोणिसाव्या शतकातला!

चौकसबुद्धी :

तो खरा अपवाद, आणि त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे. २३ मार्च १८३९, बॉस्टन मॉर्निंग पोस्ट. त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. 'ऑल करेक्ट'चं 'ऑल्ल कॉरेक्ट' (oll korrect) केलं आणि त्याचं ओके. तशी डझनावारी आद्याक्षरं आली आणि मेली. हे जगलं, कारण पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. त्यांचं गाव किंडरहुक, म्हणून समर्थकांनी 'ओल्ड किंडरहुक'चं ओके केलं. निवडणूक ते हरले, ओके जिंकलं. अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून हे १९६० च्या दशकात सिद्ध केलं.

देवळालीकर :

आमच्या गावाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. इंग्लंडात एखाद्याचं डोकं फिरलं की 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळचं आमचं देवळाली.

१८६१ पासून इथे ब्रिटिश सैन्याचा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत इथे येऊन थांबत. पण सैन्याच्या बोटी हिवाळ्याच्या सुमारासच सुटत, साधारण नोव्हेंबर ते मार्च. हंगाम संपता संपता येऊन पोचलेल्या शिपायाला पुढची बोट मिळेपर्यंत उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढावा लागे. हत्यारं जमा केलेली, कवायत नाही, काम नाही. उन्हाळ्यात तळपतं माळरान, पावसाळ्यात हिवताप, जोडीला दारू. घरी जायला निघालेला माणूस महिनोन्‌महिने अडकून पडला की डोक्यावर परिणाम व्हायचाच. त्याला शिपायांनी नाव दिलं 'डूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे टॅप गळला, डूलॅली राहिलं.

आज त्या परिसरात तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. आम्ही लहानपणापासून कॅम्प म्हणतो तो हाच भाग. गावाचं नाव वेडेपणासाठी वापरलं जातं याचं काहींना वाईट वाटतं, मला वाटत नाही. घरची ओढ लागलेल्या पोरांची ती हालत होती आणि ती शब्दात नोंदली गेली.

ढगाळ_हवा :

माझ्या इथल्या इंग्रज शेजारणीच्या तोंडात हा शब्द सतत असतो. ते महाराष्ट्रातलं गाव आहे हे सांगितलं तेव्हा तिने नकाशा उघडून शोधलं. शिपायांनी नेलेले असे आणखी शब्द इथे रोज ऐकू येतात. आरामाच्या नोकरीला 'कुशी जॉब' म्हणतात ते खुशीवरून, 'हॅव अ डेको' देखोवरून, आणि इंग्लंडला लाडाने 'ब्लायटी' म्हणतात ते विलायतीवरून.

अर्धाचहा :

देवळालीकर, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. लिहा.

पंतोजी_२ :

याच ओघात आणखी एक. 'बाइट द बुलेट' १८५७ च्या काडतुसांवरून आला. चरबी लावलेली काडतुसं दाताने तोडायची सक्ती, त्यावरून नको ते निमूटपणे करणं. हे आपल्या इतिहासातलं असल्यामुळे मुलांना लगेच भिडेल.

चौकसबुद्धी :

भिडेल, पण तारखा जुळत नाहीत. फ्रान्सिस ग्रोस या माणसाने इंग्रजीतल्या हलक्या बोलीचा कोश केला होता. त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल' हा शब्द आहे. फटक्यांची शिक्षा चालू असताना ओरडतो तो शिपाई म्हणजे नाइटिंगेल. ओरडू नये म्हणून काही शिपाई शिक्षेच्या वेळी तोंडात गोळी धरून चावत, तो त्यांच्या अभिमानाचा भाग होता, असं तिथेच लिहिलंय. म्हणजे १८५७ च्या साठ वर्षं आधी. शिवाय काडतूस चावणाऱ्याने चावला तो कागद, गोळी नव्हे.

रानजाई :

मला 'रूल ऑफ थंब', म्हणजे ठोकताळा, याबद्दल लिहायचं आहे. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करताना मी ही कथा अनेक भाषणांत ऐकली आहे : नवऱ्याने बायकोला अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने मारायला हरकत नाही असा इंग्लंडात कायदा होता, त्यावरून हा वाक्प्रचार. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण तसा कायदा कधीच नव्हता. सर फ्रान्सिस बुलर नावाच्या न्यायाधीशाने असं काही म्हटल्याची वदंता १७८२ मध्ये उठली आणि जेम्स गिलरेने त्याचं 'जज थंब' म्हणून व्यंगचित्र काढलं, हातात काठ्यांचा भारा घेतलेला न्यायाधीश. वाक्प्रचार मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीपासून छापलेला सापडतो, अंगठ्याने अंदाजे माप घेणं या अर्थाने. आपण वीत आणि बोटं लावतो तसंच.

बायकांना मारहाण होत होती आणि न्यायालयं काणाडोळा करत होती, हे खरंच आहे. त्याचे पुरावे रग्गड आहेत. म्हणूनच मला ही रचलेली कथा नको वाटते. समोरच्याने ती एक खोडून काढली की तो बाकीच्या खऱ्या गोष्टीही उडवून लावतो. हे मी सभेत घडताना पाहिलं आहे. खडूफळा सर, 'लक्षात राहतं म्हणून चालेल' याला माझा विरोध आहे तो यासाठी.

खडूफळा :

रानजाई, तुमचा मुद्दा वजनदार आहे. कायदा आणि अत्याचाराच्या बाबतीत खोटं नकोच, यात दुमत नाही. मांजरांच्या बाबतीत मी अजून तितका कडक व्हायला तयार नाही.

तिरफळ :

माशाचो विषय कोणी काढूक नाय म्हणान मी काढतंय. 'रेड हेरिंग'!

हेरिंग हा थंड समुद्रातला मासा. मिठात मुरवून बरेच दिवस धुरी दिली की तो तांबूस-तपकिरी होतो आणि त्याचा वास असा सुटतो की विचारू नका. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी सुकट-बोंबील वाळत घातल्यावर रस्त्यावरून जाणाऱ्याला घर कुठलं ते कळतं, त्यात धुराची भर घाला. या माशाचा वास देऊन शिकारी कुत्र्यांना भलत्याच मागावर नेत, म्हणून दिशाभूल करणाऱ्या गोष्टीला रेड हेरिंग. चौकसबुद्धी, आता हेही खोटं म्हणू नका, माझा आवडता आहे.

चौकसबुद्धी :

तिरफळ, मासा खरा, वास खरा, अर्थही खरा. कुत्र्यांना चकवण्याची तशी प्रथा मात्र नव्हती. या अर्थाचा उगम विल्यम कॉबेट या पत्रकाराकडे जातो. १८०७ मध्ये त्याने आपल्या साप्ताहिकात लिहिलं की लहानपणी मी सशाच्या मागावरच्या कुत्र्यांना रेड हेरिंग ओढत नेऊन चकवलं होतं. ही गोष्ट त्याने सांगितली ती वर्तमानपत्रांवर टीका करायला. नेपोलियनच्या पराभवाची खोटी बातमी आली आणि सगळी पत्रं घरचे महत्त्वाचे प्रश्न सोडून तिच्यामागे धावली, हा त्याचा राग. म्हणजे खोट्या बातमीमागे धावणाऱ्यांना हाणण्यासाठी सांगितलेली गोष्ट लोकांनी शिकारीची प्रथा म्हणून मानली.

तिरफळ :

हां, ह्यां तर मूळ गजालीपेक्षा झ्याक! कॉबेटाक आमच्याकडसून वाटीभर सुकटीची किसमूर.

काळाकोट :

वकिलीतला एक देतो, उगम शंभर टक्के पक्का. 'रीडिंग द रायट अ‍ॅक्ट', म्हणजे कडक शब्दांत समज देणं. हा कायदा इंग्लंडात खरोखर होता आणि तो खरोखर वाचत. १७१४ चा कायदा, १७१५ च्या ऑगस्टपासून लागू. बारा किंवा अधिक लोक बेकायदा जमून दंगा करत असतील तर दंडाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर उभं राहून ठरलेली घोषणा मोठ्याने वाचायची. त्यानंतर तासाभरात जे पांगणार नाहीत त्यांना थेट देहदंडाची तरतूद. शब्द जसेच्या तसे वाचावे लागत, शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' सुद्धा. तेवढं वाचायचं राहिलं म्हणून शिक्षा रद्द झाल्याचंही उदाहरण आहे. समोर दगडफेक चालू असताना कागद धरून वाचणारा तो दंडाधिकारी मुलांना वर्गात करून दाखवायला सांगा. दंडाधिकारी कोण होणार यावरूनच दंगा होईल! कायदा १९६७ मध्ये रद्द झाला, वाक्प्रचार चालूच आहे.

'रेड टेप'ही आमच्याच खात्यातला. इंग्लंडात सरकारी आणि कोर्टाचे कागद तांबड्या फितीने बांधत. आपण 'लालफीत' उचलली, पण त्याआधी आपला स्वतःचा शब्द होताच, 'बासनात गुंडाळणे'. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. प्रकरण बासनात गेलं की ते सुटेपर्यंत एक पिढी जाते, हा अनुभव दोन्ही भाषांत सारखाच दिसतो.

गप्पाष्टक :

आता माझा शोध ऐका. 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे सगळं काही, अथपासून इतिपर्यंत. नऊ वार! आजीचं लुगडं! इंग्रजांनी कोल्हापुरात बघितलं असणार, अजून दुसरा पुरावा काय पाहिजे?

रानजाई :

आजीला सांगा, खूश होईल.

चौकसबुद्धी :

वार म्हणजे यार्डच, त्यामुळे माप तरी चोख जुळतं! यावर सांगितल्या जाणाऱ्या कथांची गणतीच नाही. सगळ्यांत लाडकी दुसऱ्या महायुद्धातली, विमानाच्या मशीनगनच्या गोळ्यांचा पट्टा नऊ यार्डांचा होता म्हणे. तीही पडते, कारण १९०७ मध्येच अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात हे शब्द आले आहेत. आणि १९१२ मध्ये केंटकीतल्या पत्रात काय छापलंय? 'द होल सिक्स यार्ड्स'. म्हणजे आधी सहाही चालत होते. नेमकं कशाचं माप हा प्रश्नच फुसका ठरतो.

गप्पाष्टक :

सहा? म्हणजे आधी पाचवारी-सहावारी आणि मग नऊवारी. उलटा प्रवास! सिद्धान्त मागे घेणार नाही.

खडूफळा :

माझ्याकडून एक, आणि हा खराखुरा आहे : 'हॉब्सन्स चॉइस'. केंब्रिजमध्ये टॉमस हॉब्सन नावाचा माणूस होता, १५४४ ते १६३१. केंब्रिज-लंडन टपाल आणि मालाची ने-आण करायचा, घोडे भाड्याने द्यायचा. विद्यार्थी येत आणि तबेल्यातला सगळ्यांत तगडा घोडा मागत. तोच घोडा रोज रोज पळवला जाऊन थकून जायचा. हॉब्सनने नियम केला की दाराजवळ उभा असेल तो घोडा घ्यायचा, नाहीतर चालू लागा. परत आलेला घोडा रांगेत शेवटी, म्हणजे प्रत्येकाला विश्रांती. त्यावरून ज्यात निवडच नाही ती निवड म्हणजे हॉब्सन्स चॉइस. कवी मिल्टन तेव्हा तिथेच शिकत होता, त्याने हॉब्सनच्या मृत्यूवर कविता केल्या आहेत. मी हे सांगतो तेव्हा पोरं हॉब्सनला शिव्या घालत नाहीत, घोड्यांच्या बाजूने होतात. खेड्यातल्या पोरांना जनावराची दमछाक कळते.

अर्धाचहा :

'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश याच हॉब्सनच्या नावाचा का?

चौकसबुद्धी :

नाही. तो यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश. मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसैन' गोऱ्या शिपायांच्या तोंडी जाऊन हॉब्सन-जॉब्सन झालं होतं, ते नाव त्यांनी कोशाला दिलं.

खडूफळा सर, तुमचा हा प्रतिसाद माझ्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आहे. हीही दोन मिनिटांतच सांगून होते.

खडूफळा :

होते. पण मांजरांचं काय, ती तर पुस्तकातच आहेत. मुलं विचारणारच. 'ठाऊक नाही' म्हणून तास पुढे कसा न्यायचा?

शिरीषफूल :

सर, त्यावर मला एक वाट सुचते आहे. मांजरांची कथा मी सांगणार, पण फळ्यावर दोन रकाने करून. एकीकडे 'लोक काय सांगतात', दुसरीकडे 'पहिल्यांदा कधी आणि कुठे छापलं गेलं'. मग मुलांनाच विचारायचं, जुळतंय का? बाइट द बुलेटच्या पुढे १८५७ आणि १७९६ असे दोन आकडे लिहिले की मला काही बोलावंच लागणार नाही. सहकाऱ्यांनाही हा धागा पाठवते आहे.

पहिल्या आठवड्यासाठी बिटर एंड, टेकन अबॅक, हॉब्सन, रायट अ‍ॅक्ट आणि डूलॅली घेतले. देवळालीकर, कॅम्पच्या परिसराचा जुना फोटो असेल तर जरूर टाका. वर्गातल्या काही मुलांचे नातेवाईक नाशिककडचे आहेत.

आणि जाता जाता, 'किक द बकेट', म्हणजे मरणं, याचा उगम कुणाला पक्का ठाऊक आहे का? मुलांनी कालच विचारलं. बादलीवर उभं राहून गळफास घेण्याची कथा मला वर्गात सांगायची नाही.

देवळालीकर :

ताई, फोटो शोधतो. आजोबांच्या पेटीत काही आहेत.

भरती_ओहोटी :

बादलीचं सांगतो. इंग्लंडच्या काही भागांतल्या बोलीत बकेट म्हणजे आडवं लाकूड, तुळई. कापायचं डुक्कर मागच्या पायांनी त्याला टांगत आणि ते तडफडताना लाथा त्या लाकडाला बसत. बहुतेक कोशकार याच अर्थाकडे झुकतात.

चौकसबुद्धी :

आणि तुमच्या दुसऱ्या रकान्यासाठी साल : १७८५, त्याच ग्रोसच्या कोशाची पहिली आवृत्ती. गळफासाच्या कथेला आधार नाही, तेव्हा ती निर्धास्त वगळा. डुकराच्या कथेपुढे 'शक्यता' असं लिहा.